स्काऊट पथकात हॅम रेडिओ कसा रुजवाल

पहिल्यांदा एका पथकासमोर हॅम रेडिओ, म्हणजे परवाना काढून हौसेने चालवायचा रेडिओ, घेऊन गेलो तेव्हा समोर चाळीस मुलं होती, टेबलावर एक सेट आणि खिशात माझ्या भाषणाचे मुद्दे. आयनोस्फिअरचे, म्हणजे रेडिओलहरी परतवणाऱ्या उंचावरच्या हवेचे, थर फळ्यावर काढून होईपर्यंत मागच्या दोन रांगा एकमेकांच्या स्कार्फला गाठी मारण्यात रमल्या होत्या. शेवटी सेट लावला, तर नुसता खरखराट. एका मुलाने हात वर केला. “सर, माझ्या मोबाईलवरून थेट व्हिडिओ कॉल लागतो. मग हे कशाला?”

उत्तर माझ्याकडे होतं. मोबाईलला मध्ये टॉवर लागतो, कंपनी लागते, रिचार्ज लागतो. इथे तुझी तार आणि समोरच्याची तार, मध्ये फक्त आकाश. पण हे सांगून पटत नाही. त्याच्या हातात माईक असता तर एका मिनिटात पटलं असतं, आणि माईक तर दीड तास माझ्याच हातात होता.

तेव्हापासून एक नियम पाळतो: ज्या वेळात मुलाच्या हाताला काम नाही, तो वेळ कार्यक्रमातून कापायचा. खाली जे लिहिलंय ते या एका नियमाभोवतीच फिरतं. पथक चालवणारे स्काऊटर आणि परवानाधारक हॅम (असा रेडिओ चालवणारे), दोघांसाठी ते आहे. दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही, तिथेच बहुतेक कार्यक्रम फसतात.

आधी माणसं जुळवा

स्काऊटर असाल तर जवळचा हॅम क्लब किंवा एखादा परवानाधारक शोधा. हॅम मंडळी सहसा उत्साही असतात, बोलावलं की येतात, येताना गाडीभर सामानही आणतात. अडचण वेगळीच असते. वीस वर्षं यंत्रांशी बोललेल्या माणसाला दहा वर्षांच्या मुलीशी बोलणं जमेलच असं नाही. म्हणून पहिल्या भेटीत त्यांच्या सेटबद्दल विचारू नका. त्यांना पथकाच्या एका नेहमीच्या सभेला बोलवा आणि नुसतं बसू द्या. मुलाने प्रश्न विचारल्यावर जो माणूस गुडघे टेकून त्याच्या उंचीवर येतो, त्याला माईकच्या खुर्चीशेजारी बसवायचं. बाकीच्यांना अँटेना, बॅटरी, केबल. ती कामंही काही कमी महत्त्वाची नाहीत.

हॅम असाल तर पथकाच्या रचनेत शिरा. पथक संघांत विभागलेलं असतं, प्रत्येक संघाला संघनायक असतो, आणि मुलं बाहेरच्या काकांपेक्षा स्वतःच्या संघनायकाचं जास्त ऐकतात. त्यामुळे आधी फक्त संघनायकांना घेऊन दोन तास बसा. त्यांना सेट उघडून दाखवा, चुका करू द्या. पुढचं अर्धं काम तेच करतात, तेही तुमच्यापेक्षा चांगलं.

मुहूर्त हवा असेल तर तो तयारच आहे. १९५७ साली इंग्लंडमधल्या सटन पार्कला जागतिक जांबोरी (स्काऊटांचा मोठा मेळावा) भरली. तिथे जमलेल्या स्काऊट-हॅम मंडळींच्या गप्पांमधून एक कल्पना निघाली, की जांबोरी संपली तरी हवेतून भेटत राहू. लेस मिचेल या हॅमने ती उचलून धरली आणि मे १९५८ मध्ये पहिली ‘जांबोरी ऑन द एअर’ झाली. आज सगळे तिला जोटा म्हणतात. ती दर वर्षी ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारच्या सुमारास असते, आणि त्या दोन दिवसांत जगभरचे स्काऊट आणि गाईड एकाच वेळी हवेत असतात. एकटं पथक एरवी तासभर ‘सीक्यू’ (म्हणजे “कुणी आहे का?”) ओरडत बसेल. त्या दिवशी पलीकडेही कुणीतरी मूल वाटच बघत असतं. तेव्हा पहिला कार्यक्रम जोटालाच ठेवा, आणि मागे मोजून तयारीला किमान सहा आठवडे धरा.

परवाना आणि मुलांची सुरक्षितता

हौशी रेडिओवरून प्रसारण करायला परवाना लागतो. ऐकायच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी मोकळीक असते. विनापरवाना मूल माईकवर बोलू शकतं का, याचं उत्तर देशागणिक बदलतं. काही ठिकाणी परवानाधारक शेजारी बसून नियंत्रण ठेवत असेल तर चालतं, काही ठिकाणी ठरावीक देशांशीच चालतं, काही ठिकाणी जोटापुरती सवलत मिळते, तर काही ठिकाणी अजिबात नाही. हे काम हॅमचं. नियम काढून वाचा, लागत असेल तर लेखी परवानगीचा अर्ज आधीच करा. “कोण बघतंय” हे वाक्य जिथे ऐकू येईल तिथे थांबा. नियम मोडून मुलांना नियम शिकवता येत नाहीत, आणि हवेत जे बोललं जातं ते कुणालाही ऐकू येतं.

त्यातूनच दुसरा मुद्दा येतो. मुलं हवेत फक्त पहिलं नाव सांगतील. आडनाव, पत्ता, शाळा, फोन नंबर, घरी कोण कधी असतं, यातलं काहीही नाही. समोरच्याने प्रेमाने विचारलं तरी नाही. माईकजवळ कायम दोन मोठी माणसं हवीत आणि कोणतंही मूल एकट्या ऑपरेटरबरोबर बंद खोलीत बसणार नाही. हे पाहुण्या हॅमला स्पष्ट शब्दांत आधीच सांगा. चांगला माणूस रागावत नाही.

प्रसारणाआधीचे चार आठवडे

या काळात एकही परवाना लागत नाही, आणि खरं सांगायचं तर पथकात रेडिओ रुजतो तो इथेच.

पहिल्या आठवड्यात फोनेटिक अक्षरं. अल्फा, ब्रावो, चार्ली, डेल्टा ही सारणी १९५६ पासून जगभर चालते. पाठ करायला देऊ नका, खेळ लावा. मैदानाच्या दोन टोकांना एकेक संघ उभा करा आणि मधल्या संघाला डबे, ताटल्या, शिट्ट्या वाजवायला लावा. आता एका टोकाने दुसऱ्याला ‘पी टी बी ४’ असा अर्थहीन संकेत ओरडून कळवायचा. बी, डी, पी, टी लांबून अगदी सारखीच ऐकू येतात. समोरच्यांच्या कागदावर ‘डी डी पी ४’ उमटतं आणि हशा पिकतो. मग तोच संकेत ‘पापा, टँगो, ब्रावो, चार’ असा पाठवा. ही अक्षरं कशासाठी आहेत हे पुन्हा सांगावं लागत नाही. घरी जाताना प्रत्येक जण आपलं नाव जुळवत जातो: रवी म्हणजे रोमिओ, अल्फा, व्हिक्टर, इंडिया.

दुसऱ्या आठवड्यात मोर्स. परवान्यासाठी मोर्सची आंतरराष्ट्रीय सक्ती २००३ सालीच उठली, त्यामुळे पालकांनी “आता हे कशाला” म्हटलं तर हरकत नाही, पण मुलांना मोर्स आवडतो. गुप्त भाषा कुणाला नको असते? फक्त फळ्यावर टिंबं आणि रेघा काढू नका. डोळ्यांनी शिकलेला मोर्स कानाला कळत नाही, मनात आधी चित्र उमटतं आणि तोवर पुढचं अक्षर निघून गेलेलं असतं. तोंडाने शिकवा: डि-डि-डि, डा-डा-डा, डि-डि-डि. ‘डा’ची लांबी तीन ‘डि’इतकी, दोन अक्षरांमध्ये तीन ‘डि’ची विश्रांती, दोन शब्दांमध्ये सातची. प्रत्येक संघाला एक अक्षर द्या आणि शिट्टीवर ते अक्षर वाजलं की त्या संघाने धावत यायचं. दोन सभांत सहा-सात अक्षरं कानात बसतात. बझर, बॅटरी आणि पत्र्याच्या पट्टीची दाबायची कळ, हे सगळं मुलं अर्ध्या तासात जोडतात. डाग देण्याची गरज नाही, तारा पिळल्या तरी चालतं.

तिसऱ्या आठवड्यात नुसतं ऐकणं. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर नावाचा रिसीव्हर ब्राउझरमध्ये उघडतो, आणि घरबसल्या तिथल्या अँटेनावरचे आवाज ऐकता येतात. हॅमकडे रिसीव्हर असेल तर त्याहून उत्तम. इथे एक गंमत हमखास करा. एसएसबीवरचा (हॅम बोलण्यासाठी वापरतात त्या पद्धतीच्या प्रसारणाचा) आवाज सेट नेमका जुळला नसेल तर बदकासारखा ऐकू येतो. तो तसाच ठेवून मुलाला म्हणा, “याला माणूस कर.” मूल नॉब हळूहळू फिरवतं, बदक आधी जास्तच चिरकं होतं, मग जाड होतं, आणि एका क्षणी तिथे एक माणूस शांतपणे हवामानाबद्दल बोलत असतो. मुलाच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसतं, ते माझ्या फळ्यावरच्या कोणत्याही आकृतीने कधी आणलं नाही.

चौथा आठवडा बोलण्याच्या तालमीचा. त्याबद्दल पुढे सविस्तर.

अँटेना हे पायोनियरिंगचं काम आहे

हॅम मंडळी एक चूक फार प्रेमाने करतात: आदल्या रात्री येऊन अँटेना बांधून ठेवतात. सकाळी मुलं येतात तेव्हा सगळं तयार. कृपया हे करू नका. खांब उभारणं, दोर ताणणं, गाठी मारणं, म्हणजेच पायोनियरिंग, यात स्काऊट तुमच्यापेक्षा तरबेज असतात, आणि ज्या अँटेनाला त्यांनी स्वतः क्लोव्ह हिचची गाठ मारली तिच्यावरून आलेला आवाज त्यांचा असतो.

सगळ्यात सोपी म्हणजे अर्ध-तरंग डायपोल: तरंगलांबीच्या अर्धी तार, मधोमध कापलेली. मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने १४३ ला भागलं की तारेची एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. हा भागाकार मुलांनाच करू द्या. स्काऊटांची २० मीटर बँडवरची (बँड म्हणजे हॅमसाठी ठरवलेला फ्रिक्वेन्सींचा पट्टा) ठरलेली भेटीची जागा १४.२९० मेगाहर्ट्झ, म्हणून १४३ भागिले १४.२९०, म्हणजे जवळजवळ नेमके १० मीटर. मधोमध कापून ५ मीटरचे दोन पाय. ४० मीटर बँडवर ७.०९० आणि ७.१९० या जागा आहेत. तिथे एकूण तार साधारण २० मीटर लागते. प्रत्येक पाय २० ते ३० सेंटीमीटर जास्तच ठेवा. तार कापता येते, वाढवणं कटकटीचं.

मध्यभागी पीव्हीसी पाइपचा बोटभर तुकडा घ्या आणि त्याला दोन्ही पाय बांधा. सेटकडून येणाऱ्या कोॲक्स केबलचा आतला गाभा एका पायाला, जाळी दुसऱ्या पायाला. केबलचं वजन तारेच्या जोडावर येऊ देऊ नका; आधी केबल त्या तुकड्याला दोन वेळा गुंडाळून बांधा, मग जोड करा. टोकांनाही तसेच तुकडे, त्यातून बोलाइन गाठीने दोर. आता ८ ते १० मीटरचा खांब. तीन काठ्या एकमेकींना लॅशिंगने (दोर गुंडाळून घट्ट बांधून) जोडून तो तयार होतो, आणि हे लॅशिंग दाखवायला बहुतेक संघनायक एका पायावर तयार असतात. मध्य वर, दोन्ही टोकं उतरत खाली, असा उलटा ‘व्ही’ करा. वरचा कोन ९० अंशांपेक्षा कमी नको. खांबाला तीन ताण-दोर द्या, एकमेकांपासून १२० अंशांवर. हा कोन होकायंत्राने मोजायचा. रंगीत चिंध्या त्या दोरांना बांधायला विसरू नका, नाहीतर संध्याकाळी कुणीतरी धावत येऊन त्यात पाय अडकवणारच.

तीन गोष्टींवर तडजोड नाही. खांब कोणत्याही बाजूला आडवा पडला तरी विजेच्या तारेपर्यंत पोचता कामा नये, आणि त्याच्याही पुढे मोकळं अंतर हवं. खांबाच्या उंचीच्या दुप्पट अंतर धरा. तारेची टोकं मुलांच्या हाताला लागणार नाहीत इतकी, म्हणजे किमान ३ मीटर वर. प्रसारण चालू असताना टोकाला हात लागला तर चटका बसतो. आणि ढगांचा गडगडाट ऐकू आला की केबल सेटमधून काढून बाहेर टाकायची आणि मुलांना खांबापासून दूर न्यायचं, मग समोर कोण बोलत होतं याला अर्थ नाही.

उभारल्यावर एसडब्ल्यूआर मीटर (अँटेना सेटशी किती जुळली ते दाखवणारा) लावा. १.५ च्या आत आलं तर उत्तम, २ पर्यंत चालतं. सगळ्यात कमी आकडा ठरलेल्या फ्रिक्वेन्सीच्या खालच्या बाजूला येत असेल तर तार लांब आहे: दोन्ही बाजूंनी सारखी, दोन-दोन सेंटीमीटर कापत जा. प्रत्येक वेळी आकडा फळ्यावर लिहायला एक मूल नेमा. तिसऱ्या कापणीला सगळं पथक मीटरभोवती गोळा झालेलं असतं, क्रिकेटचा स्कोअर बघावा तसं.

माईकपुढची भीती

हा भाग वगळलात तर बाकी सगळं वाया गेलं असं समजा.

दिवसभर कलकलाट करणारं मूल माईक हातात आला की मुकं होतं. पहिल्या जोटाला आमच्याकडे एक अकरा वर्षांची मुलगी होती. तिने बटण दाबलं आणि नुसता श्वास. पाच सेकंद, दहा सेकंद. मागून तीन मोठी माणसं एकदम कुजबुजली, “नाव सांग, नाव सांग,” आणि तिचे डोळे भरले. पलीकडचे आजोबा मुरलेले होते. ते म्हणाले, “तुम्ही तिथे आहात हे कळलं. तुमच्या खिडकीतून बाहेर काय दिसतंय?” तिने खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाली, “पाऊस.” मग थांबून, “आणि एक ओला कुत्रा.” पुढची सहा मिनिटं त्या कुत्र्यावर गेली.

त्यातून मी दोन गोष्टी शिकलो. एक, मुलाच्या मागे मोठ्यांची गर्दी नको. दोन, माईक हातात देण्याआधी तोंडात वाक्य हवं. म्हणून आता प्रत्येक मूल स्वतःच्या अक्षरात एक कार्ड लिहितं. त्यावर असतं: माझं नाव अमुक, वय इतकं, मी अमुक संघात आहे, मला अमुक आवडतं. त्याखाली समोरच्याला विचारायचे तीन प्रश्न, आणि अट एकच, की उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं नको. “तुम्हाला रेडिओ आवडतो का?” हा वाया गेलेला प्रश्न. “तुमच्या घड्याळात आत्ता किती वाजलेत?”, “तुम्ही बसलात त्या खोलीत काय काय आहे?”, “तुमच्या शेवटच्या शिबिरात काय फसलं?” हे चालणारे प्रश्न. शेवटचा तर फारच चालतो. फजितीच्या गोष्टी ऐकायला सगळ्यांना आवडतात. परदेशातल्या स्काऊटशी बोलायचं असेल तर कार्डाच्या मागच्या बाजूला तीच वाक्यं इंग्रजीत.

तालीम दोन खोल्यांत करा. परवान्याशिवाय चालणारे वॉकीटॉकी तुमच्या देशात मिळत असतील तर त्यावर, नसतील तर साध्या इंटरकॉमवर. एवढंच शिकवा: बटण दाबा, मनात ‘एक’ म्हणा, मग बोला. नाहीतर पहिलं अक्षर कापलं जातं आणि प्राजक्ताची ‘जक्ता’ होते. माईक तोंडापासून चार बोटं, थोडा बाजूला. बोलणं संपलं की ‘ओव्हर’ म्हणा आणि बटण सोडा. बटण सोडायला विसरणारी मुलं दर वेळी निघतात. त्यांना हसू द्या, सवय लागते.

एक बारीक गोष्ट. हॅम मंडळी निरोप घेताना ‘सेव्हन्टी थ्री’ म्हणतात, म्हणजे शुभेच्छा. तेवढं शिकवा. ‘एटी एट’चा (म्हणजे प्रेम आणि पापे) अर्थ मुलांनी विचारला तर हसून विषय बदला.

प्रत्यक्ष दिवस

जागा आदल्या दिवशी, त्याच वेळेला तपासा. एलईडी दिवे, स्वस्त चार्जर, सोलर इन्व्हर्टर यांच्यामुळे रिसीव्हरवर असा गोंगाट चढतो की कमकुवत स्टेशन ऐकूच येत नाही. सभागृहापेक्षा मैदान बरं, जनरेटरपेक्षा बॅटरी बरी. आणि नशिबावर विसंबू नका: दोन-तीन ठिकाणच्या हॅम मित्रांशी वेळ आणि फ्रिक्वेन्सी आधी ठरवून ठेवा, ज्याला हॅम ‘स्केड’ म्हणतात. त्यातला एक अगदी जवळचा असू द्या, २ मीटर बँडवर हँडसेटने लागेल असा. आकाशाने दगा दिला तरी तो दगा देत नाही. त्याच्या शेजारी दुसरं पथक बसलेलं असेल तर याहून चांगलं काहीच नाही.

बँडचा साधा आडाखा असा. दिवसा २० मीटर आणि त्यावरचे बँड लांबच्या ठिकाणांसाठी, १५ मीटरवर २१.३६० आणि १० मीटरवर २८.३९० या स्काऊटांच्या जागा. ४० मीटर दिवसा काहीशे किलोमीटरच्या टप्प्यासाठी आणि सूर्य मावळल्यावर लांबसाठी. या सगळ्या फ्रिक्वेन्सी म्हणजे भेटण्याचे चौक आहेत, बसायच्या खुर्च्या नव्हेत. तिथे कुणी सापडलं की बाजूला सरकून बोला, चौक मोकळा करा.

समजा चोवीस मुलं, सहा-सहांचे चार संघ. चार ठिकाणं मांडा: बोलण्याचं स्टेशन, मोर्सचा कोपरा, नकाशा आणि लॉग (संपर्कांची नोंदवही), आणि कोल्ह्याचा शोध, ज्याबद्दल पुढे येईलच. वीस-वीस मिनिटांनी संघ बदलतील. म्हणजे माईकजवळ सहा मुलांना वीस मिनिटं, एकेकाला तीन मिनिटांहून थोडी जास्त. हे पुरतं. तीन मिनिटं हवेत फार मोठी असतात.

स्टेशनवर एक मूल बोलतं तेव्हा दुसरं लॉग लिहितं, तिसरं पुढच्यासाठी तयार बसतं. आवाज स्पीकरवर ठेवा. हेडफोन लावले की बाकी पाच जण बाहेरचे होतात. लॉगमध्ये तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, कॉलसाइन (परवान्यासोबत मिळणारं स्टेशनचं नाव), दोन्ही बाजूंचा सिग्नल रिपोर्ट. वेळ यूटीसीत, म्हणजे जगभर एकच असलेल्या वेळेत लिहायची, आपल्या घड्याळातली नाही. हे रूपांतर मुलं आधी चुकवतात आणि तासाभरात त्यांना मोठ्यांच्या चुका दिसू लागतात. रिपोर्टमधला पहिला आकडा बोलणं किती कळतंय याचा, ५ पर्यंत; दुसरा सिग्नल किती जोरात, ९ पर्यंत. मोठी माणसं सवयीने सगळ्यांनाच ‘५९’ देतात. मुलांना खरं काय ऐकू येतंय ते द्यायला सांगा. समोरचा दचकतो, पण खूश होतो.

नकाशाच्या टेबलावर संपर्क झालेल्या ठिकाणी टाचण्या आणि दोरे. दुपारपर्यंत कोणत्या दिशेला दोरे दाट झाले हे दिसतं, आणि मग “असं का?” हा प्रश्न एखादं मूल स्वतःहून विचारतं. आयनोस्फिअर सांगायची वेळ ही. दोन मिनिटं, फार तर तीन.

कोल्ह्याचा शोध

एक छोटा ट्रान्समीटर झाडीत लपवायचा आणि रिसीव्हरने शोधायचा. परवानाधारकाने तो लावायचा, बाकी सगळं मुलांचं. या खेळाच्या जागतिक स्पर्धाही होतात, त्यात पाच ‘कोल्हे’ एकेक मिनिट आलटून पालटून बोलतात. त्यांचे मोर्स संकेत एमओई, एमओआय, एमओएस, एमओएच आणि एमओ५ असे आहेत, म्हणजे शेवटी एक, दोन, तीन, चार किंवा पाच ‘डि’. मोर्स न येणाराही बोटं मोजून कोल्हा ओळखतो. तुम्हाला सुरुवातीला एक कोल्हा पुरे.

दिशा काढायची सोपी युक्ती: हँडसेट छातीला घट्ट धरा आणि जागेवर हळूहळू गोल फिरा. आवाज सगळ्यात कमी होतो तेव्हा तुमचं शरीर मध्ये आलेलं असतं, म्हणजे कोल्हा पाठीमागे आहे. होकायंत्राने ती दिशा घ्या आणि नकाशावर रेघ ओढा. दुसरा संघ दुसऱ्या टोकावरून त्याची रेघ ओढेल. दोन रेघा जिथे छेदतात तिथे धावायचं. होकायंत्राचा तास एरवी किती रटाळ होतो हे ज्यांनी घेतलाय त्यांना माहीत आहे. इथे मुलं स्वतःच पुन्हा पुन्हा बेअरिंग घेतात. अगदी जवळ गेल्यावर सिग्नल सगळीकडून सारखाच जोरात येतो आणि गोंधळ उडतो. तेव्हा सेट ५ ते १० किलोहर्ट्झ बाजूला सरकवा किंवा अँटेना काढून टाका. शेवटचे वीस पावलं तशीच शोधायची. पुढच्या वेळी स्टीलच्या मोजपट्टीचे तुकडे आणि पीव्हीसी पाइप वापरून तीन एलिमेंटची (आडव्या पट्ट्यांची) यागी, म्हणजे एका दिशेकडचं जास्त ऐकणारी अँटेना, बनवा. झुडपात घुसली तरी मोडत नाही, पुन्हा सरळ होते.

शिबिर रात्रीचं असेल तर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक डोक्यावरून कधी जाणार ते पाहून ठेवा. १९८३ मध्ये ओवेन गॅरियट यांनी कोलंबिया यानातून पहिल्यांदा हौशी रेडिओवर संवाद साधला, तेव्हापासून अंतराळवीर हे करत आलेत. स्थानकावरून शाळांशी होणारं बोलणं आणि अधूनमधून पाठवली जाणारी चित्रं १४५.८०० मेगाहर्ट्झवर साध्या हँडसेटवर ऐकू येतात. एक फेरी फार तर दहा मिनिटांची. वेळापत्रक आधी बघा, नाहीतर पथकाला अंधारात उभं करून शांतता ऐकवाल.

दुसऱ्या सोमवारी काय

जोटा संपला, सामान गाडीत गेलं, आणि पुढच्या ऑक्टोबरपर्यंत सगळं थंड. असं नव्वद टक्के वेळा होतं. हा आकडा माझ्या चिडचिडीतून आलाय, मोजून नाही.

त्यावर उपाय म्हणजे रेडिओला पथकाच्या नेहमीच्या कामात शिरू देणं. पुढच्या हाईकवर पुढचा आणि मागचा संघ हँडसेटवर संपर्कात राहील. सपाट जमिनीवर हातातल्या दोन सेटना १० किलोमीटरच्या आसपास रेडिओ-क्षितिज मिळतं. टेकडी मध्ये आली की तेवढं मिळत नाही, आणि टेकडीवर चढलं की कितीतरी जास्त मिळतं. हे मुलांनी चालता चालता शोधायचं. शिबिरात एकदा निरोपाची शर्यत लावा: पंधरा शब्दांचा निरोप तीन स्टेशनांतून पुढे जाईल, शेवटी मूळ कागदाशी ताडून बघायचा. “औषधं सकाळी सातला पूल ओलांडतील” याचं “औषधं सतरा, पूल ओला” झालेलं मी पाहिलंय. मग मुलं स्वतःच नियम करतात, की आधी लिहायचं, मग वाचायचं, समोरच्याने परत वाचून दाखवायचं. आणीबाणीतले ऑपरेटर नेमकं हेच करतात.

चार-पाच मुलं अशी निघतील जी सामान आवरल्यावरही टेबलाभोवती रेंगाळतात. त्यांची नावं त्याच दिवशी लिहून ठेवा. त्यांना परवान्याच्या परीक्षेसाठी बसवायचं, त्यासाठी आठवड्यातून एक संध्याकाळ. सगळ्या पथकाला परीक्षेकडे ढकलू नका. बाकीच्यांना गाठी, नकाशा आणि कोल्हा पुरेसा आहे. पथकाच्या योजनेत रेडिओ किंवा सिग्नलिंगचा प्रावीण्य बॅज असेल तर केलेली कामं त्याच्या अटींशी जुळवून घ्या, म्हणजे मुलांना एकच काम दोनदा करावं लागत नाही.

आणि क्यूएसएल कार्ड. संपर्क झाल्याची पावती म्हणून हॅम एकमेकांना ही कार्डं पाठवतात. ईमेलवरही पाठवता येतात, पण पथकाने कागदाचीच पाठवावीत असं माझं मत आहे. मुलांनीच चित्र काढायचं, पत्ता पथकप्रमुखाच्या किंवा क्लबच्या नावे. ब्युरोमार्फत (कार्डं गोळा करून पुढे पाठवणाऱ्या व्यवस्थेतून) गेलेल्या कार्डाचं उत्तर यायला कित्येक महिने जातात, आणि तेच बरं आहे. सगळे विसरून गेलेले असताना एखाद्या सभेच्या दिवशी पाकीट येतं. ते तुम्ही फोडू नका. लॉग उघडा, त्या तारखेला त्या वेळेला कुणाचं नाव आहे ते बघा आणि पाकीट त्या मुलाच्या हातात द्या.